हरळीचे राज्य

गणपतीच्या दिवसांत महाड-पोलादपूरकडची मुले बांधावर बसून दूर्वा खुडतात. त्याच गवताला शेतात आपण हरळी म्हणतो आणि नांगरामागून तिच्या काशा वेचून बाहेर टाकतो. तुकडा राहिला तरी तो पुन्हा रुजतो. याच हरळीने सारी पृथ्वी व्यापली तर? वॉर्ड मूर या अमेरिकन लेखकाची 'ग्रीनर दॅन यू थिंक' ही १९४७ सालची विनोदी कादंबरी या कल्पनेवर उभी आहे.

जोसेफाईन फ्रान्सिस या संशोधिकेने एक औषध शोधले आहे. ते दिले की धान्यपिके कसल्याही जमिनीत पोसतील, जगाची भूक मिटेल. पैसे नसल्याने ती ते विकायला अल्बर्ट वीनर या फिरत्या विक्रेत्याला नेमते. शेतापर्यंत जाण्याचे कष्ट नकोत म्हणून हा गृहस्थ लॉस एंजेलिसमधल्या एका घरापुढच्या हिरवळीवरच औषध फवारतो. ती हिरवळ असते हरळीची. पुढे शहर जाते, देश जातो. चौकशी समित्या बसतात, रशियाशी युद्ध होते आणि सैन्येही गवतापुढे हतबल होतात. वीनर मात्र अन्नाच्या धंद्यात गडगंज होतो. जमीन घटते तसा त्याचा नफा वाढतो, आणि हे सारे तो स्वतःच निरागसपणे सांगतो. त्याला आपले काही चुकले असे कधी वाटतच नाही. खरा विनोद तिथे आहे.

धान्याचे औषध हरळीला का लागू पडावे? कारण भात, नाचणी, वरी आणि हरळी एकाच तृणकुळातली. नाचणी तर तिची जवळची नातलग. वर्गात नाचणीचे कणीस आणि हरळीचा तुरा शेजारी ठेवावा. दोन्हींत एका ठिकाणाहून बोटांसारखे फाटे फुटलेले दिसतील.

विज्ञान मात्र इथून पुढे सुटते. औषध नुसत्या पोषणाचा अडसर दूर करील. पाणी आणि प्रकाश कुठून आणणार? आपल्याकडची हरळी मे महिन्यात करपते आणि दाट सावलीत तग धरत नाही. कादंबरीची कोणती चूक चालवून घ्यायची आणि कोणती नाही, हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांपुढे जरूर ठेवावा.

हसून झाल्यावर गाजरगवत आठवते. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. ते अमेरिकेच्या 'पी. एल. ४८०' गव्हाबरोबर आले असे सर्रास सांगितले जाते. पण भारताशी तो करार १९५६ च्या ऑगस्टमध्ये झाला, म्हणजे नोंदीनंतर. अमेरिकी गहू १९५१ पासूनच येत होता, तेव्हा धान्यातून बी आल्याची शक्यता उरते. मात्र शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. लोकांनी त्याला 'काँग्रेस गवत' म्हणून राजकारणातही ओढले. मूरची कादंबरी वाटते तितकी दूरची नाही.

आमची तक्रार एकच. सारी कथा विक्रेत्याच्या तोंडून येते, त्यामुळे ज्याच्यासाठी औषध काढले त्या शेतकऱ्याला आवाजच नाही. पोलादपूरच्या डोंगरउतारावर नाचणी लावणारी बाई नवे बियाणे आधी एका कोपऱ्यात लावून पाहील. सगळे शेत पणाला लावणे तिला परवडणारे नाही. प्रयोग म्हणतात तो हाच. संशोधिकेने तो पुरा केला नाही आणि वीनरला त्याची गरज वाटली नाही. सारा अनर्थ या दोघांच्या घाईतून झाला. म्हणून केवळ लोभी व्यापाऱ्याला हसून पुस्तक मिटू नये. चाचणी न करता घाईने औषध हवाली करणारी विदुषीही तितकीच जबाबदार आहे, हे विज्ञान शिकवणाऱ्या आपण विसरता कामा नये.