'विद्यावेतन' आणि 'वेतन' : सातारा-सांगलीतील आरोग्यसेवा व प्रशिक्षणार्थी डॉक्टर यांच्या न्यायाची एक चिकित्सा

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्यसेवेची चर्चा बहुधा दोन वेगळ्या दालनांत चालते. एका दालनात रुग्ण असतो. खाटा, औषधे, अंतर आणि खर्च यांचा हिशेब तेथे मांडला जातो. दुसऱ्या दालनात प्रशिक्षणार्थी डॉक्टर असतो. त्याच्या कामाचे तास, विद्यावेतन, वसतिगृह व संप यांविषयी तेथे बोलले जाते. निवासी डॉक्टरांनी काम थांबविले की ही दोन्ही दालने एकमेकांसमोर उभी केली जातात आणि 'रुग्णांचे हाल विरुद्ध डॉक्टरांच्या मागण्या' असे चित्र रंगविले जाते. प्रस्तुत लेखात ही विभागणीच तपासून पाहावयाची आहे. त्यासाठी सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे सोयीचे ठरतात. वैद्यकीय शिक्षणाची सव्वाशे वर्षांची परंपरा येथे आहे, आणि जत, आटपाडी, माण, खटाव यांसारखे अवर्षणग्रस्त व पाटण, जावळी यांसारखे डोंगरी तालुकेही येथेच आहेत. जतच्या रुग्णाला मिरज-सांगलीचे मोठे रुग्णालय गाठण्यासाठी सुमारे ८० किलोमीटर प्रवास करावा लागतो. तेथे त्याला प्रथम भेटतो तो बहुधा प्राध्यापक नसतो, शिकणारा डॉक्टर असतो.

मिरजेची परंपरा :

डॉ. विल्यम वॉन्लेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी शल्यचिकित्सक १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांनी रुग्णालय उभारले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला जोडून वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली. रेल्वेच्या जंक्शनमुळे दक्षिण महाराष्ट्रातून आणि उत्तर कर्नाटकातून रुग्ण येऊ लागले व 'आरोग्यपंढरी' हे बिरुद मिरजेला चिकटले ते कायमचेच. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सांगलीचे आज पद्मभूषण वसंतदादा पाटील यांच्या नावाने ओळखले जाणारे शासकीय रुग्णालय त्याच्याशी संलग्न आहे.

या परंपरेचा गौरव पुष्कळ झाला आहे. मात्र तिच्या अर्थकारणातील एक बाब गौरवग्रंथांतून सहसा निसटते. धर्मादाय असो वा शासकीय, शिकविणारे रुग्णालय शिकणाऱ्यांच्या हातांवर चालते. जखम बांधणे, रक्त काढणे, केसपेपर लिहिणे, रात्रीचा वॉर्ड सांभाळणे ही कामे प्रशिक्षणार्थी करतो, म्हणून गरिबाला स्वस्तात उपचार देणे संस्थेला परवडते. आणि गरीब रुग्ण आपला देह त्याच्या हाती सोपवितो, म्हणून प्रशिक्षणार्थी डॉक्टर होतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या बोलीत रुग्णसंख्येला 'क्लिनिकल मटेरियल' म्हणतात. 'मिरजेला मटेरियल भरपूर' हे वाक्य कौतुकाने उच्चारले जाते. ते उच्चारताना कोणाची जीभ अडखळत नाही, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. शिकण्याचा खर्च, म्हणजे नवख्या हाताची चूक, दोनदा टोचलेली सुई, लांबलेली प्रतीक्षा, हा सारा गरिबाच्या वाट्याला येतो. त्या शिक्षणातून तयार झालेले कौशल्य मात्र पुढे त्याच गावातील खाजगी रुग्णालयांच्या रांगेत, ज्याला परवडेल त्याला मिळते.

१९८३ मध्ये मुख्यमंत्रिपदी असताना वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले. १९८४ मध्ये कराडला कृष्णा संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सांगलीत भारती विद्यापीठाचे महाविद्यालय २००५ मध्ये आले. ग्रामीण मुलांना जागा मिळाव्यात हा त्या धोरणामागील हेतू नाकारता येत नाही. परंतु त्यामुळे प्रशिक्षणार्थीचे दोन वर्ग पडले : काम करून शिकणारा आणि शुल्क भरून शिकणारा. ज्या नेत्याचे नाव सांगलीच्या शासकीय रुग्णालयावर आहे, त्याच्याच धोरणाने खाजगी वैद्यकीय शिक्षणाचा पाया घातला, हा विरोधाभास जिल्ह्याच्या इतिहासात ठळक आहे. साताऱ्याला शासकीय महाविद्यालयाची पहिली १०० विद्यार्थ्यांची तुकडी मिळण्यास २०२१-२२ हे वर्ष उजाडावे लागले.

शब्दांची चिकित्सा :

प्रशिक्षणार्थी डॉक्टरविषयी शासनव्यवहारात वापरले जाणारे मराठी शब्द पाहिले असता एक सुसंगत मनोभूमिका आढळते. एमबीबीएसनंतरच्या वर्षाला 'आंतरवासिता' म्हणतात. या शब्दात गुरूच्या सान्निध्यात राहणाऱ्या 'अंतेवासी' शिष्याची आठवण आहे. पदव्युत्तर विद्यार्थी 'निवासी'. म्हणजे जो रुग्णालयातच राहतो तो. त्याला मिळते ते 'विद्यावेतन'. या समासातील 'विद्या' हे पूर्वपद 'वेतन' या उत्तरपदाची धार बोथट करते. वेतन म्हटले की कामाचे तास, रजा, निर्वाह निधी, तक्रार करण्याचा अधिकार हे सारे ओघाने येते. विद्यावेतन म्हटले की कृतज्ञता येते. संप झाला की मात्र भाषा बदलते. तेव्हा हेच विद्यार्थी 'अत्यावश्यक सेवेतील' होतात आणि सेवा परिरक्षण कायद्याचा इशारा दिला जातो. हक्क मागताना विद्यार्थी आणि काम थांबविताना कर्मचारी, हा दुटप्पीपणा धोरणात दडलेला आहे आणि शब्दांनी तो सुसह्य केला आहे.

'निवासी' ही कल्पना अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून जगभर पसरली. हे रुग्णालय १८८९ मध्ये, म्हणजे वॉन्लेस भारतात आले त्याच वर्षी सुरू झाले. शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी तेथे अखंड उपस्थितीची कठोर शिस्त घालून दिली. हे हॉल्स्टेड स्वतः प्रारंभी कोकेनच्या व नंतर मॉर्फिनच्या आहारी गेलेले होते, हे वैद्यकाच्या इतिहासाने आता मान्य केले आहे. न झोपता काम करण्याचा आदर्श ज्यांच्यापासून घेतला, त्यांच्याविषयी एवढे तरी माहीत असणे बरे.

याच्या उलट टोकाला आंदोलनांतील 'वेठबिगार' हा शब्द आहे. तोही स्वीकारता येत नाही. वेठबिगाराला वेठीच्या शेवटी प्रतिष्ठा आणि उत्पन्न मिळत नसे. निवासी डॉक्टरला ते मिळण्याची शक्यता मोठी असते. या भविष्याच्या आमिषावरच वर्तमानातील अन्याय खपून जातो. डॉ. रवी बापट यांच्या 'वॉर्ड नं. ५, केईएम' सारख्या पुस्तकाने मराठी वाचकाला शिकविणाऱ्या रुग्णालयाचे अंतरंग दाखविले. परंतु डॉक्टरांच्या आठवणींच्या एकूण लेखनप्रकाराला एक मर्यादा आहे : तो यशस्वी झालेल्याने मागे वळून लिहिलेला असतो. त्यामुळे जागरणाच्या रात्री त्यात सोनेरी होतात. वाटेत मोडून पडलेल्यांचे आत्मचरित्र निघत नाही. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातील पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला आणि वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीय छळाचे आरोप झाले, तेव्हा आदिवासी मुलीला 'निवासी' होण्याची कोणती किंमत मोजावी लागू शकते, हा प्रश्न प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर विचारला गेला.

तासांचे तीन दस्तऐवज :

कामाच्या तासांविषयीचे तीन दस्तऐवज एकापुढे एक ठेवून वाचले असता उलटा प्रवास दिसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर आलेल्या १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेने सलग काम साधारणतः १२ तासांहून अधिक नसावे व आठवड्याला ४८ तास असावे असे म्हटले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत आकडा गेला आणि 'वाजवी' तास हा शब्द आला. २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचविली. बत्तीस वर्षांत ४८ वरून 'वाजवी' आणि तेथून ७४, ही वाटचाल सुधारणा म्हणून सांगितली जाते. वास्तवाच्या जवळ जाणारा आकडा अधिक प्रामाणिक आहे, असा युक्तिवाद करता येईल. पण नियम पाळला जात नाही म्हणून नियमच सैल करणे, ही पद्धत ऊसतोडीच्या किंवा यंत्रमागाच्या बाबतीत कोणी उघडपणे सुचविणार नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली. तिच्यावर उपचार करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांवर असलेला कामाचा ताण आणि त्यांच्यावरील अपुरी देखरेख हा वादाचा विषय झाला. पत्रकार असलेल्या वडिलांनी तो लावून धरला. पुढे न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली व २००३ पासून ती अमेरिकाभर लागू झाली. येथे लक्षणीय आहे ते असे की डॉक्टरच्या विश्रांतीची मागणी रुग्णाच्या घरातून आली. महाराष्ट्रात रुग्णाच्या घरातून बहुधा दगड येतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी मेंदूशल्यचिकित्सक उपलब्ध नव्हता. नातेवाइकांनी समोर असलेल्या अस्थिरोग विभागाच्या निवासी डॉक्टरला बेदम मारहाण केली व त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, सुरक्षारक्षक नेमले गेले. जो तज्ज्ञ तेथे नव्हता, त्याची नेमणूक हा मुद्दा या गदारोळात मागे पडला. रुग्णावरील अन्याय आणि शिकाऊ डॉक्टरवरील अन्याय यांचे मूळ एका रिकाम्या पदात होते.

बंधपत्राचा न्याय :

शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्याने एक वर्ष शासकीय रुग्णालयात सेवा करावी, हे बंधपत्र तत्त्वतः न्याय्य आहे. करदात्यांच्या पैशाचा मुद्दा त्यासाठी नेहमी दिला जातो. त्याहून बळकट मुद्दा देहाचा आहे. ज्यांच्या शरीरावर विद्या मिळविली, त्यांच्याकडे ती काही काळ परत गेली पाहिजे. आक्षेप आहे तो अंमलबजावणीवर. सेवा टाळणाऱ्यास एमबीबीएसनंतर १० लाख व पदव्युत्तर शिक्षणानंतर ५० लाख रुपये दंड ठरविण्यात आला. दंडाची रक्कम ठरली की कर्तव्याला किंमत चिकटते, आणि जो ती भरू शकतो तो सुटतो. मजुराच्या वा लहान शेतकऱ्याच्या घरातून आलेला मात्र डोंगरी तालुक्यात जातो. म्हणजे गरिबांची सेवा करण्याचे उत्तरदायित्व पुन्हा गरिबांच्याच मुलांवर पडते. ७०:३० हा प्रादेशिक कोटा सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाल्यावर मराठवाड्यातील विद्यार्थी पश्चिम महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अधिक मोकळेपणाने येऊ शकले. ते स्वागतार्हच होते. परंतु घरापासून दूर, ओळखीपाळखीविना काम करणाऱ्या तरुण डॉक्टरला आधार देणारी यंत्रणा त्यासोबत उभी राहिली नाही.

त्या मानाने पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात शिकत काम करावे, हा २०२० मध्ये अधिसूचित झालेला जिल्हा निवासी कार्यक्रम अधिक समंजस वाटतो. त्यात देखरेखीची जबाबदारी एका समन्वयकावर सोपविलेली आहे. बंधपत्रात अशी जबाबदारी कोणाचीच नसते.

व्यवस्थेतील फूट आणखी एका ठिकाणी दिसते. ऑगस्ट २०२३ मध्ये शासकीय रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले, तेव्हा तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्याबाहेर राहिली. रुग्णाला हे दोन विभाग ठाऊक नसतात. केसपेपरच्या खिडकीवर पैसे का मागितले, याचे उत्तर त्याला समोरच्या शिकाऊ डॉक्टरकडूनच हवे असते.

फलटण :

ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातील एका तरुण महिला वैद्यकीय अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. मृत्यूपूर्वी तिने लिहिलेल्या मजकुरात पोलीस अधिकाऱ्यावर गंभीर आरोप होते. वैद्यकीय प्रमाणपत्रांबाबत पोलिसांकडून दबाव येत असल्याची तिची लेखी तक्रारही पुढे आली. आरोपांचा निर्णय करणे हे न्यायालयाचे काम आहे आणि प्रस्तुत लेखाचा तो विषय नाही. येथे विचारावयाचे आहे ते पदाच्या रचनेविषयी. आरोपीची तपासणी करून तो ठणठणीत आहे की नाही हे लिहून देणे, शवविच्छेदनाचा अहवाल देणे, ही कामे वरवर कागदी वाटतात. प्रत्यक्षात नागरिक आणि पोलीस कोठडी यांच्यामध्ये तोच एक कागद असतो. उपजिल्हा रुग्णालयात तो कागद बहुधा सर्वांत कनिष्ठ, अस्थायी, आणि पुढच्या प्रवेशपरीक्षेकडे डोळे लावून बसलेल्या डॉक्टरच्या सहीने निघतो. ज्याची नेमणूक कंत्राटी आणि ज्याचा अनुभवाचा दाखला वरिष्ठांच्या हाती, त्याने 'नाही' म्हणावे अशी अपेक्षा व्यवस्था करते, आणि म्हटल्यास त्याच्या मागे कोण उभे राहील हे कोठेच लिहून ठेवत नाही.

म्हणून कामाच्या तासांइतकीच, किंबहुना त्याहून निकडीची, गरज नावानिशी लिहिलेल्या जबाबदारीची आहे. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयापासून जत-पाटणच्या ग्रामीण रुग्णालयांपर्यंत प्रत्येक ठिकाणी त्या रात्री कोणता वरिष्ठ डॉक्टर जबाबदार आहे, त्याचा दूरध्वनी क्रमांक कोणता, ड्युटीवरील कनिष्ठ डॉक्टर किती तासांपासून कामावर आहे आणि प्रमाणपत्रासंबंधी दबाव आल्यास जिल्ह्याबाहेरील कोणत्या अधिकाऱ्याकडे तक्रार करावयाची, हे केसपेपरच्या खिडकीशेजारी मराठीत लावता येते. त्याला नवा कायदा लागत नाही. एक फळा आणि तो रोज पुसून लिहिणारा माणूस लागतो.