झील कोण धरणार?

आमच्या पथकातला गाणारा १९८७ साली पथक सोडून गेला, तेव्हा त्याला पहिली शिवी मी घातली. मी ढोलकीवर होतो. एका कॅसेट कंपनीनं त्याला बोलावलं होतं. कॅसेट आली, वर त्याचा एकट्याचा फोटो. आतली गाणी आमची. त्यातली चार आमच्यातल्याच एका गिरणी कामगारानं पाळी संपवून रात्री लिहिलेली. त्याचं नाव कुठंच नाही. आम्ही वस्तीभर बोंबलत सुटलो, विकला गेला साला! पथक सोडून एकट्यानं गाणं म्हणजे चळवळीशी गद्दारी, असा आमचा सिद्धांतच होऊन बसला. आजही काही कार्यकर्ते तो बैठकीत मांडतात.

हा सिद्धांत कच्चा आहे. मला ते कळलं शिकागोच्या एका काळ्या गायकाकडून. कर्टिस मेफील्ड. ब्लॅक पँथरचं नाव आपल्याला पाठ आहे, पण ती पोरं कोणती गाणी ऐकत वाढली हे आपण कधी विचारत नाही. त्यातला हा एक मोठा आवाज.

जन्म १९४२. शिकागोतल्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी चाळींत वाढला. आजी प्रार्थनास्थळात प्रवचन करायची, तिथंच गळा तयार झाला. गिटार कुणी शिकवली नाही. पियानोच्या काळ्या पट्ट्या त्याला कानानं सापडल्या होत्या, गिटारच्या तारा त्यानं त्याच सुरांत लावून टाकल्या. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत काळी तीन. दुसऱ्या कुणी ती गिटार हातात घेतली तर त्याला वाजवता येईना. उस्ताद नसण्याचा हा एक फायदा असतो, तो घराणेवाल्यांना समजायचा नाही.

१९५८ साली तो जेमतेम सोळाचा. 'इम्प्रेशन्स' नावाचं पथक, त्यात हा. पहिली तबकडी गाजली, पण तिच्यावर छापलं होतं 'जेरी बटलर आणि इम्प्रेशन्स'. एकाचं नाव पुढं, बाकीचे 'आणि' मध्ये. पथकात धुसफूस झाली आणि बटलर लवकरच वेगळा झाला. आता गंमत बघा. ही तबकडी काढणारी व्ही-जे कंपनी गोऱ्यांची नव्हती, काळ्यांचीच होती. म्हणजे मालक आपला असला की छपाई न्यायाची होते, या भ्रमात राहू नये.

कर्टिसनं बटलरशी भांडण धरलं नाही. त्याच्यासाठी गाणी लिहिली, त्याच्या मागं गिटार वाजवत फिरला, पैसे जमवले आणि त्या पैशातून पथक पुन्हा उभं केलं. पुढं तिघं उरले, कर्टिस, फ्रेड कॅश आणि सॅम गुडन. या तिघांनी १९६४, १९६५ साली जी गाणी म्हटली ती नागरी हक्कांच्या चळवळीनं उचलली. १९६७ अखेरच्या 'वुई आर अ विनर' मध्ये तर काळ्यांच्या विजयाची भाषा इतकी उघड होती, की काही रेडिओ केंद्रांनी ते लावायलाच नकार दिला.

ही गाणी मी मोबाईलवर, कानाला भोंगे लावून कितीतरी वेळा ऐकली. मला त्यात आपला जलसा ऐकू येतो. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात. कर्टिसचा आवाज बारीक, वरच्या पट्टीतला, जवळजवळ बाईसारखा. तो ओळ टाकतो, फ्रेड आणि सॅम खालून ती खांद्यावर घेतात. गाण्यातलं 'आम्ही' नुसतं शब्दात नसतं, तीन तोंडांतून निघतं म्हणून ते खरं वाटतं.

आणि १९७० साली हा माणूस पथक सोडतो. बारा वर्षांनंतर.

आमच्यासारख्यांनी तिथंही शिव्या दिल्या असत्या. पण हिशेब बघा. १९६८ साली त्यानं मॅनेजर एडी थॉमसबरोबर स्वतःची कंपनी काढली होती, कर्टम. गाण्यांच्या हक्काची कागदपत्रं तर त्याच्याही आधीपासून तो स्वतःकडं ठेवत होता. काळा गायक गातो आणि कागद गोऱ्याच्या कपाटात, हा तिथला रिवाज, तो त्यानं मोडला. पथक सोडलं तरी पथक कर्टमवरच राहिलं. त्याच्या जागी लिरॉय हटसन आला. सुरुवातीला गाणी कर्टिसच लिहून देत होता. हटसनही गेला, तरी १९७४ साली याच पथकाचं एक गाणं काळ्यांच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर पोचलं. ते कर्टिसनं लिहिलेलं नव्हतं. गाणारा गेला, झीलकरी उपाशी मेले नाहीत. आमच्या पथकात नेमकं उलट झालं होतं.

कर्टमचंही फार कौतुक नको. माल बाजारात न्यायला दुसऱ्या मोठ्या कंपन्या लागतच होत्या आणि १९८० साली कर्टम बंद पडली. मालकी हे पुरतं उत्तर नव्हे. पण कागद कुणाच्या हातात, हा पहिला सवाल, आणि तो आपण कधी विचारलाच नाही. वामनदादा कर्डकांसारखे कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफत. ज्यांच्याकडं करारपत्र नव्हतं त्यांचं ते करारपत्र. आमच्या गिरणी कामगारानंही गुंफलं होतं. कॅसेटमध्ये तेवढं शेवटचं कडवंच गाळलं.

आता गाण्याकडं येतो, कारण नुसता हिशेब म्हणजे समीक्षा नव्हे. एकटा झाल्यावर त्याच्या गाण्यात काय बदललं? १९७० च्या पहिल्याच 'कर्टिस' या तबकडीचं पहिलं गाणं ऐका. किरकिरणारा बेस, मग किंकाळी. काळे, गोरे, सगळ्यांना नावं घेऊन तो सांगतो की खाली नरक असेल तर आपण सगळेच तिकडं चाललोय. स्वतःच्या लोकांनाही सोडत नाही. तिघांच्या गोड झिलीत हे म्हणता आलं नसतं असं माझं मत आहे. झील धीर देते, पण झील सांभाळूनही घेते. काही वेळा आपल्याच माणसांना खडसावणाऱ्याला एकट्यानं उभं राहावं लागतं.

मग झील कुणी धरली? जानेवारी १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या 'बिटर एंड' या लहानशा जागेत झालेल्या कार्यक्रमाची तबकडी आहे. पाच माणसं. हेन्री गिब्सनच्या काँगावरच्या थापा फ्रेड आणि सॅमच्या जागी उत्तर देतात. ढोलकीवाला म्हणून सांगतो, अशी थाप दिल्यावर गाणाऱ्याला मागं वळून बघावं लागत नाही. आणि तिथं तो तेच जुनं 'वुई आर अ विनर' गातो. मध्येच रेडिओवाल्यांनी ते लावलं नव्हतं हेही सांगतो. समोरची माणसं साथ देतात. तीन तोंडांतलं 'आम्ही' आता समोरच्यांच्या तोंडात गेलं. ही तबकडी प्रत्येक पथकानं बसून ऐकावी.

एका ठिकाणी मात्र माझं त्याच्याशी पटत नाही. १९७२ चा 'सुपर फ्लाय' सिनेमा हार्लेममधल्या कोकेन विकणाऱ्याचा. काळ्यांच्या संघटनांनी त्याला विरोध केला आणि तो बरोबर होता. कर्टिसची बाजू घेणारे म्हणतात, त्यानं गाण्यांतून सिनेमालाच उत्तर दिलं. अर्धं खरं आहे. फ्रेडी हे सिनेमातलं किरकोळ पात्र, मरतं आणि कथा पुढं सरकते. कर्टिसनं त्याच्यावर गाणं केलं. सिनेमात नुसती चाल वाजते, शब्द तबकडीवरच आहेत. मेलेल्या किरकोळ माणसाचं गाणं करणं ही आपली रीत आहे. पण त्याच तबकडीवरचं 'पुशरमन' इतकं लाघवी आहे की विष विकणारा नायक वाटायला लागतो. निषेधाची चाल इतकी गोड असू नये. आपल्याकडं डीजेवर वाजणाऱ्या भीमगीतांचं असंच होतंय, पोरं नाचतात, शब्द कुणाच्या कानात जात नाहीत.

१३ ऑगस्ट १९९० ला ब्रुकलिनमध्ये उघड्यावरच्या कार्यक्रमात वाऱ्यानं दिव्यांचा सांगाडा त्याच्या अंगावर पडला. मानेखालचं शरीर गेलं. गिटार कायमची सुटली. तरी १९९६ साली त्यानं नवी तबकडी काढली. उताणा झोपून, एकेक ओळ गाऊन. तशी पडल्या पडल्याच छातीत दम भरायचा. २६ डिसेंबर १९९९ ला गेला.

आमचा गाणारा अजून आहे. त्या कॅसेटनंतर कंपनीनं त्याला पुन्हा बोलावलं नाही. मागच्या १४ एप्रिलला भेटला. मी विचारलं, कागदावर सही केली तेव्हा वाचला होतास का? म्हणाला, "दादा, इंग्रजीत होता. आणि तुम्ही कुणी बरोबर आला होता का?"

गिरणी कामगाराची वही माझ्याकडं आहे. शेवटच्या कडव्यांसकट ती उतरवून काढतोय. ज्यांच्याकडं जुन्या पथकांच्या वह्या असतील त्यांनी कोणतं गाणं कुणाचं ते कडेला लिहून ठेवावं. पेन्सिलीनं नको.