माती एक, कायदे दोन

सोलापूर जिल्ह्याने अलीकडे महाराष्ट्राला दोन तगडे मल्ल दिले: मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातल्या शिरशीचा महेंद्र गायकवाड. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत दोघे माती विभागात भिडले. महेंद्रने बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले, आणि पुढे कित्येक दिवस वाद रंगला तो सिकंदरची पाठ खरोखर धोक्याच्या स्थितीत गेली होती का, याचा. टांग किती देखणी बसली, हे कुणी बोलेना. आजच्या कुस्तीचे दुखणे इथेच आहे. मल्ल तयार आहेत, डाव शाबूत आहेत. निकालावरचा विश्वास तेवढा उडाला आहे.

जत्रेच्या मैदानाचा कायदा साधा. जोड लागते, सलामी होते, हलगी कडाडते; चितपट झाली की निकाल. पाठ मातीला लागलेली कडेला बसलेल्या पोरालाही दिसते. पण जोड तुल्यबळ असली की खडाखडीतच वेळ जातो आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागते. आधीच संगनमताने ठरवलेल्या नूरा कुस्तीचेही त्यात फावते. गुणांच्या कुस्तीने ही रेंगाळ मोडली: तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, ताब्याला दोन गुण, थेट धोक्याच्या स्थितीत फेकल्यास चार, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. मातीतला मल्ल गादीवरही चमकतो, हे खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवून दाखवलेच आहे. म्हणून माती की गादी हा वाद मला फोल वाटतो. घोटाळा वेगळाच आहे: माती विभागात पायाखाली माती असते आणि हिशेब गादीचा चालतो.

प्राचीन ग्रीकांची कुस्ती आपल्या मैदानाच्या बरीच जवळची होती. ऑलिंपियात ती इसवी सनपूर्व 708 मध्ये आली. वजनगट नव्हते, वेळेचे बंधन नव्हते. मल्ल अंगाला तेल चोळून वर धूळ लावत आणि खणून मऊ केलेल्या जागेत लढत. प्रतिस्पर्ध्याला तीनदा पाडणारा विजयी. पाय अडकवून पाडायला मुभा होती. कमरेखाली हात लावू न देणारी आजची ‘ग्रीको-रोमन’ शैली एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात घडली. तिच्यात ग्रीक आहे ते नावापुरतेच.

शिकण्यासारखी आहे ती त्यांची पंचव्यवस्था. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पौसानियस लिहितो की ऑलिंपियाचे पंच आधी दहा महिने स्पर्धेच्या यजमान एलिस नगरात राहून नियम शिकत. धावण्याच्या एका शर्यतीत तीनपैकी दोन पंचांनी एलिसच्याच युपोलेमसला विजयी ठरवले, तेव्हा अँब्रेशियाचा लिऑन थेट ऑलिंपिक परिषदेकडे गेला आणि त्या दोन पंचांना दंड झाला. पंचही कुणाला तरी जबाबदार होता.

आपल्याकडे काय चालते? नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. फुलगावला सिकंदर जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. दोन संघटनांच्या भांडणात गदेचे मोल उतरले. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला पाठ टेकली की नाही यावरून शिवराजने पंचांना लाथ मारली, तर अंतिम लढतीत महेंद्र कुस्ती अर्धवट टाकून निघून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन होऊच शकत नाही. पण चितपटीवरही वाद पेटतो, म्हणजे केवळ जुना कायदा परत आणून भागणार नाही. दाद मागायची वाट मोकळी हवी.

सोलापूर शहराची स्थिती आणखी बोलकी आहे. पाणीवेस, पत्रा, थोरला मंगळवेढा या तालमींची नावे आज शिवजयंती आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत जास्त गाजतात. सिकंदर घडला कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत, महेंद्र पुण्यात काका पवारांकडे. बीज आपले, मशागत दुसऱ्याची.

जिल्ह्यातल्या यात्रा समित्यांना आणि वस्तादांना म्हणूनच सांगणे आहे: मातीच्या कुस्तीचा स्वतंत्र कायदा लिहून काढा, तो प्रत्येक मैदानात जोड लावण्याआधी वाचून दाखवा, पंचांना तालीम द्या आणि मोठ्या लढतीचे चित्रण तिथल्या तिथे तपासू द्या. इनामाची रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल. हरलेल्या मल्लाला निकाल पटला पाहिजे.