श्रेयाचा धनी

तपन सिन्हा ह्यांचा १९९० सालचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट मी सोनिवलीच्या घरी नुकताच पुन्हा पाहिला. रमापद चौधुरी ह्यांच्या ‘अभिमन्यू’वर तो आधारलेला आहे, त्यामागे उभी आहे ती कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांची कहाणी. पंकज कपूर ह्यांचा अभिनय अस्सल आहे, हे कोणीही मान्य करील. माझे भांडण आहे ते शेवटाशी. कुष्ठरोगावर लस शोधणाऱ्या नायकाचे श्रेय दोन परदेशी संशोधकांना जाते आणि मग परदेशातूनच आलेले आमंत्रण त्याच्या जखमेवर फुंकर घालते. म्हणजे न्याय मागायचा तोही साता समुद्रांपलीकडे!

वास्तव अधिक कठोर होते. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, इंग्लंडमधील लुईस ब्राउननंतर अवघ्या ७० दिवसांनी, मुखोपाध्यायांच्या प्रयोगातून एक मुलगी जन्मली. संप्रेरके देऊन स्त्रीबीजे वाढवायची, गर्भ गोठवून ठेवायचा आणि पुढे योग्य वेळी रुजवायचा, ही त्यांची रीत इंग्रज शास्त्रज्ञांहून निराळी होती. आज ती जगभर रूढ आहे. सरकारी समितीने मात्र दावा धुडकावला. प्रजननशास्त्राच्या ह्या अभ्यासकाची बदली नेत्रसंस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

परंतु ह्या कथेला खरी कलाटणी दिली ती परळच्या माणसाने. १९८६ साली तेथील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार ह्यांच्या प्रयत्नांनी हर्षा जन्मली आणि ‘भारतातील पहिले’ हा मान त्यांना मिळाला. १९९७ मध्ये आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी वाचल्या आणि पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचाच, असे ‘करंट सायन्स’मध्ये लिहून टाकले.

विज्ञानात रीतसर नोंदीला मोल असते, हे खरेच. त्या कसोटीवर परळचे काम आजही पहिले आहे. पण नोंद त्रोटक असली म्हणून शोध खोटा ठरत नाही. समितीपुढे तर शोधकर्ता जिवंत उभा होता.

चित्रपटात मत्सरी वरिष्ठ आहेत, हळहळणारे स्नेहीही आहेत. हातातला मान उचलून दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवणारा मात्र कोणी नाही. १९९० साली तो घडलाच नव्हता, असे कोणी म्हणेल. मला हे उत्तर पुरत नाही. असा माणूस घडण्याची वाट कलावंताने का पाहावी?