गोलाच्या अलीकडे

दिवाळीचा फराळ नि फुटबॉल यांचे कोल्हापुरात जुने सख्य आहे. फराळाचे डबे रिकामे होऊ लागले, की पेठांतून हंगामाची कुजबुज सुरू होते. कोणता खेळाडू कोणत्या तालमीकडे गेला, कोण रुसला, कोण परत आला, याची चर्चा चकलीच्या तुकड्याबरोबर घरोघर चालते. आमच्या घरीही ती चालली होती. तेवढ्यात माझ्या पंधरा वर्षांच्या पुतण्याने ताटली बाजूला सारून जाहीर केले, “मी यंदा खेळणार न्हाई.”

कारण विचारले, तर कळले की त्याच्या मास्तरांनी त्याला आघाडीवरून काढून हाफला, म्हणजे मधल्या फळीत टाकले आहे. मी समजूत घालू लागलो. बोलण्याच्या ओघात आपल्या अनिकेत जाधवचे नाव घेतले. म्हटले, त्यालाही जागा बदलावी लागली. त्यावर चिरंजीव म्हणाले, “काका, त्यानं गोल किती मारले ते सांगा की!”

मी निरुत्तर झालो. उत्तर ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मीच मोठ्या तोऱ्याने विचारला होता म्हणून. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे वाचकांनी समजावे.

अनिकेत जाधव २००० साली कोल्हापुरात जन्मला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या ऑक्टोबरातल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी भारताच्या संघात आघाडीचा खेळाडू म्हणून निवडला गेला. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकात भारत खेळण्याची ती पहिलीच वेळ. दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर तीन सामने झाले. अमेरिकेने आपल्याला ३-० हरवले, कोलंबियाने २-१ आणि घानाने ४-०. भारताचा एकुलता एक गोल मणिपूरच्या जीक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध केला. ते सामने मी दूरचित्रवाणीवर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी चौकात उभा राहून निकाल देऊन टाकला, “पोरगं काही चमकलं नाही.” मान डोलावणारेही पुष्कळ भेटले.

आज तो निकाल मला मागे घ्यावासा वाटतो. मात्र ज्या काट्याने मी त्या मुलाला तोलले, तो काटा आधी तपासला पाहिजे.

आमचे गाव मुळात कुस्तीचे. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान आमच्या अभिमानाचे स्थान. कुस्तीत निकाल स्वच्छ असतो. पाठ मातीला लागली की वाद संपला. ज्या तालमींत शड्डू घुमले, त्याच तालमींचे पुढे फुटबॉल संघ झाले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावेच पाहा. प्रत्येकापुढे ‘तालीम मंडळ’ आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला, की पेठच्या पेठ लोटते. इतके प्रेम या खेळाला महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच मिळत असेल. पण तालमीबरोबर तालमीची दृष्टीही आली. आम्ही फुटबॉलमध्येसुद्धा चितपटच शोधतो. गोल म्हणजे चितपट. बाकी सारी खडाखडी!

परंतु कुस्ती दोघांची आणि फुटबॉल अकरा जणांचा. गोल जाळ्यात जातो तेव्हा त्याच्या अलीकडे पाचसहा कामे झालेली असतात. कुणी प्रतिपक्षाच्या पायातून चेंडू काढलेला असतो, कुणी तो नेमक्या क्षणी सोडलेला असतो, कुणी नुसते धावून बचावाचे दोन खेळाडू आपल्यामागे ओढून नेलेले असतात. टाळ्या शेवटच्याला मिळतात. त्यात गैर काही नाही. पण चिकित्सा करणाऱ्यानेही टाळ्यांच्या मागे जायचे म्हटले, तर प्रेक्षकात नि टीकाकारात फरक तो काय राहिला? अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात मैफिलीचा दर्दी तबलजीचा ठेका वेगळा ऐकतो. मैदानावर मात्र आमचा कान बंद असतो.

मधल्या फळीचा खेळ कसा पाहावा याचा उत्तम धडा मला एका परदेशी खेळाडूच्या कारकिर्दीत सापडला. त्याचे नाव योसेफ मासोपुस्त. १९३१ साली उत्तर बोहेमियातील एका खेड्यात हा चेक गडी जन्मला. पुढे कोळशाच्या खाणीसाठी ते खेडेच नाहीसे झाले. प्राग येथील डुकला या सैन्यदलाच्या संघाकडून तो अनेक वर्षे खेळला. चेकोस्लोव्हाकियासाठी त्रेसष्ट सामन्यांत त्याचे गोल अवघे दहा. माझ्या पुतण्याच्या हिशेबाने हा खेळाडू नापासच! आणि तरीही १९६२ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा ‘बालोन दोर’ हा मान त्याला मिळाला.

त्या वर्षी चिलीत विश्वचषक होता. अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध पहिला गोल मासोपुस्तनेच केला. मधल्या फळीतून मोकळ्या जागेत धावत येऊन केला. नंतर ब्राझीलने तीन गोल करून सामना जिंकला. पण त्या स्पर्धेतला मला अधिक मोलाचा वाटणारा प्रसंग त्याआधीचा, याच दोन संघांच्या साखळी सामन्यातला आहे. पेले जखमी झाला होता. बदली खेळाडू घेण्याची तेव्हा सोय नव्हती, म्हणून तो लंगडत मैदानावर राहिला. त्याच्या पायाशी चेंडू आला असता मासोपुस्तने त्याच्यावर धाव घातली नाही. त्याला चेंडू सोडून देऊ दिला. सामना गोलाविना बरोबरीत सुटला. हा प्रसंग कोणत्याही गुणफलकावर नाही. पण पेले तो विसरला नाही.

आता अनिकेतकडे वळतो. मासोपुस्तशी त्याची तुलना करणे हास्यास्पद होईल आणि त्या मुलावर अन्यायही होईल. मी घेतो आहे तो केवळ काटा. या काट्याने तोलले तर काय दिसते?

विश्वचषकानंतर त्याच मुलांचा ‘इंडियन ॲरोज’ संघ आय-लीगमध्ये उतरला. समोर पुरते वाढलेले व्यावसायिक गडी आणि परदेशी खेळाडू. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यात पहिल्याच सामन्यात या पोरांनी चेन्नई सिटीला ३-० हरवले. त्यांतले दोन गोल अनिकेतचे. ज्या पोराला मी चौकात मोडीत काढले होते, त्याने दोन महिन्यांच्या आत हे उत्तर दिले. २०१९ मध्ये तो इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावासाठी गेला. मग इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूर, त्यानंतर हैदराबाद. जानेवारी २०२२ मध्ये हैदराबादने ईस्ट बंगालला ४-० हरवले. त्यात ओगबेचेचे तीन गोल सर्वांच्या लक्षात राहिले. चौथा अनिकेतचा होता. त्याच मार्चमध्ये हैदराबादने लीग जिंकली आणि त्याच महिन्यात तो बहरीनमध्ये भारताच्या वरिष्ठ संघाकडून खेळला. पुढे तो ओडिशाकडे गेला.

या प्रवासात तो आघाडीच्या मधोमध राहिला नाही, कडेला गेला. कडेच्या खेळाडूचे जिणे मोठे कष्टाचे. पुढे धावून चेंडू आत द्यायचा आणि तो हुकला, तर तितकेच अंतर मागे धावत येऊन आपल्या बचावाला हात द्यायचा. यातली मागची धाव प्रेक्षकाला दिसत नाही. प्रशिक्षकाला मात्र दिसते. वरच्या लीगमधला एकामागून एक संघ त्याला आपलासा करत गेला, याचे कारण मला त्या मागच्या धावेत दिसते.

टीकाकाराने उणेही सांगावे. त्याच्या नावावरचे गोल थोडे आहेत आणि कडेवर खेळूनही ते अधिक असायला हवे होते. २०२२ नंतर वरिष्ठ भारतीय संघात त्याची जागा पक्की झाली, असेही म्हणता येणार नाही. सतराव्या वर्षी त्याच्याकडून ज्या अपेक्षा केल्या गेल्या, त्या सगळ्या फळल्या नाहीत. पण त्या अपेक्षा कुणाच्या? आमच्याच. पोर जगाच्या मैदानावर उतरले की त्याने तिसऱ्या दिवशी पेले व्हावे, आणि झाले नाही की चौथ्या दिवशी त्याला विसरावे, ही आमची रीत. कारकीर्द म्हणजे मिरवणूक नव्हे. ती रोजच्या सरावाची, बदललेल्या जागेची, परक्या गावातल्या जेवणाची आणि राखीव बाकावरच्या प्रतीक्षेची गोष्ट असते. ती निभावणे हीसुद्धा एक कर्तबगारी आहे.

हा दोष केवळ एका खेळाडूच्या मूल्यमापनापुरता असता, तर मी दिवाळीत वाचकांचा वेळ घेतला नसता. पण ज्या गुणाला गावात दाद नाही, तो गुण गावातली मुले शिकत नाहीत. प्रत्येकाला आघाडीवरच खेळायचे आहे. चेंडू अडवायला, राखायला, वेळेवर सोडायला कुणी राजी नाही. मग आमचा उत्साह पेठेच्या ईर्ष्येत जिरतो आणि मोठा खेळ शिकायला मुलाला गाव सोडावे लागते.

हे सारे मी पुतण्याला फराळाच्या ताटावरच सांगितले. पेलेचा प्रसंग त्याने दोनदा विचारून घेतला. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, “पन काका, हाफनं चांगलं खेळल्यालं कळायचं कुनाला?”

मी म्हणालो, “मी येतो बघायला. या खेपेला नीट बघीन.”

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दाराची कडी वाजली. खिडकीतून पाहिले, तर बूट खांद्याला अडकवून स्वारी सरावाला निघाली होती. मीही चपला पायात सरकवल्या.