‘जागा होतो’ या क्रियापदाविषयी

आमच्या मनोरहून अहमदाबादच्या हमरस्त्याने उत्तरेकडे निघाले, की डहाणू-तलासरीचा मुलूख लागतो. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकाचा हाच मुलूख. १९७२ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळूनही पुष्कळजण त्याला ‘चळवळीचा वृत्तांत’ म्हणून दुरूनच नमस्कार करतात. मला ते मान्य नाही.

प्रथम शीर्षकच पाहा. बाई ‘वारली’ म्हणत नाहीत, ‘माणूस’ म्हणतात. ‘जागा केला’ म्हणत नाहीत, ‘जागा होतो’ म्हणतात. भारत सेवक समाजात तयार झालेली पुण्याची स्त्री श्रेय स्वतःकडे न ओढणारे क्रियापद निवडते, याला मी साहित्यिक विवेक म्हणतो. आणि ‘लग्नगडी’ हा शब्द! लग्नापुरते कर्ज काढायचे आणि त्यापायी नवराबायकोने सावकाराच्या दारी राबत राहायचे. तुळशीचे लग्न लागले, की आपल्या घरी याद्यांची गडबड सुरू होते. त्या दिवसांत हा भाग वाचवत नाही.

आयर्लंडात मेयो परगण्यातल्या कुळांनी १८८० साली कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सारे व्यवहार तोडले. पीक काढायला अल्स्टरहून माणसे आणि त्यांच्या रक्षणाला फौज आणावी लागली. त्या गृहस्थाचे आडनाव इंग्रजीत क्रियापद होऊन बसले! १९४५ साली वारल्यांनी वेठ नाकारली, गवतकापणीला रास्त दर मागितला, तेव्हा मेयोचे नाव त्यांच्या कानी आले नसावे; युक्ती मात्र तीच. आयरिश कुळांपाशी लँड लीग होती, वृत्तपत्रेही होती. वारल्यांपाशी किसान सभा होती, आणि निरोप तोंडोतोंडी जात.

तोंडी निरोपाचा घात तलवाड्याला झाला. बाईंच्या नावाने खोटा निरोप फिरला, माणसे विश्वासाने जमली आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पाचजण गेले; जेठ्या गांगड त्यांतला एक. ज्या विश्वासावर चळवळ उभी राहिली, त्यानेच माणसे गोळीपुढे नेली. कादंबरीकाराला हे सुचले असते, तर आपण त्याला योजकतेचे श्रेय दिले असते.

एक उणीव मात्र बोचते. यातले सावकार सारे एकाच तोंडवळ्याचे वाटतात. त्यांच्या माजघरात काय बोलणे चाले, बायकापोरांना काय दिसे, हे मला हवे होते.