नावासकट गाणे

1902च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात फ्रेड गायसबर्ग या ध्वनिमुद्रकाने गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. त्यांच्या त्या काळच्या तबकड्या ऐकताना शेवटी एक गंमत कानावर पडते. सूर थांबतो न थांबतो तोच गौहर जान घाईघाईने, इंग्रजीत, आपले नाव सांगून मोकळ्या होतात. त्याचे कारण असे सांगितले जाते की गाणे इथे मुद्रित झाले तरी तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला ठुमरी कोणाची आणि दादरा कोणाचा हे कसे कळावे? लेबल छापणाऱ्यासाठी ठेवलेली ती खूण होती. पण तबकडीत एकदा उतरलेला आवाज निघत नाही, त्यामुळे ती खूण गाण्याचा भाग होऊन बसली आणि सव्वाशे वर्षांनंतरही ऐकू येते.

आपल्या भाषांच्या वाचकाला यात परके काही वाटू नये. तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी त्यांचे नाव येते, कबीराच्या पदात येते, त्यागराजांच्या कृतीत येते. कन्नड वचनांत वचनकाराच्या नावाऐवजी त्याच्या दैवताचे नाव अंकित म्हणून येते आणि ख्यालाच्या बंदिशीत ‘सदारंग’ भेटतो. जिथे रचना कागदावाचून फिरते तिथे तिने आपला पत्ता स्वतःच्या अंगावरच वागवायचा असतो. गौहर जान यांची ती घोषणा याच जातीची आहे, फरक इतकाच की इथे रचणाऱ्याऐवजी गाणारीने आपली मुद्रा उमटवली.

गाणे विकत घेण्याचा इतिहास सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी लाखेची तबकडी, मग एलपी, कॅसेट, सीडी, मग डाउनलोड आणि आता स्ट्रीमिंग. प्रत्येक पायरीवर वस्तू लहान होत गेली आणि स्वस्त होत गेली, एवढेच त्याचे सार. मला हा इतिहास वेगळ्या बाजूने वाचावासा वाटतो. पैसे मोजल्यावर गाण्याबरोबर आणखी काय हातात येत होते? कोण गाते, काय गाते, साथीला कोण, शब्द कोणाचे, ही माहिती कोणी, कुठे आणि कोणाच्या सोयीने लिहिली?

तबकडीवरचे गोल लेबल हा आपल्या संगीताचा पहिला छापील मजकूर म्हणता येईल. त्यावर गायिकेच्या नावाबरोबर गावही असे, आग्र्याची जोहराबाई, अलाहाबादची जानकीबाई. कंपन्या सूचीपत्रे काढत. मराठीतल्या सूचीपत्रांत गायकांची छायाचित्रे आणि गाण्यांचे शब्द छापलेले असत, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीबरोबर कवितेचीही विक्री होत होती. या कागदाविषयी फार हळवे होण्याचे मात्र कारण नाही. त्याच लेबलांवर ‘प्रतिष्ठित’ घरांतल्या बायकांच्या नावापुढे कंसात ‘अमॅच्योर’ असे छापत, कारण पेशेवर बायांपासून त्यांना वेगळे दाखवायचे होते. बंगालमध्ये मुन्शी महंमद कासेम यांची श्यामासंगीताची रेकॉर्ड ‘के. मल्लिक’ या नावाने विकली गेली. कालीमातेचे पद मुसलमान गायकाच्या नावाने विकत घ्यायला गिऱ्हाईक कचरेल, हा त्यामागचा हिशेब. लेबलावर काय छापायचे आणि काय दडवायचे हे गिऱ्हाइकाच्या मनात वाकून बघून ठरत होते.

एलपीने जागा दिली. आवाजाला एका बाजूवर वीस मिनिटे आणि शब्दांना कव्हरच्या मागच्या बाजूवर बारा इंची चौरस. 1960च्या सुमारास अमीर खाँसाहेबांची जी एलपी आली तिच्या एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. तीन मिनिटांत ख्यालाचा अर्क काढून दाखवण्याची सक्ती संपली आणि विलंबित लय घरात आली. या काळातले पडद्यामागचे जग पाहायचे असेल तर ग. ना. जोशी यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ वाचावे. जोशी स्वतः भावगीतगायक होते, एच.एम.व्ही.त दीर्घकाळ ध्वनिमुद्रणाचे काम पाहत होते आणि 1967ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही त्यांचीच निर्मिती. एलपीच्या पाठीवरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असे आणि खरे सांगायचे तर त्यातला निम्मा घराण्याच्या वंशावळीत आणि उरलेल्यातला बराचसा विशेषणांत खर्च होई. त्याला समीक्षा म्हणणे धाडसाचे ठरेल. तरीही राग कोणता, त्याची वेळ कोणती, ताल कोणता, तबल्यावर कोण, हे त्यात असे. संगीतावरची पुस्तके हातात न धरणाऱ्या हजारो माणसांनी संगीताविषयी जे काही छापील वाचले ते या पाठीवर. एलपी परवडणारे थोडेच होते. बाकीचे आकाशवाणीवर विसंबून असत आणि तिथे निवेदक गाण्याआधी आणि गाण्यानंतर साथीदारांची नावे सांगत असे. तिथे नाव पुन्हा कानावाटे येत होते.

कॅसेटच्या काळात या सगळ्याची घडी विस्कटली. ती विस्कटली याचा मला आनंदच आहे. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (1993) या पुस्तकात उत्तर भारताच्या संदर्भात दाखवून दिले की रेकॉर्ड काढायला कारखाना लागतो, कॅसेट काढायला एक खोलीही पुरते. त्यामुळे एका बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि ज्या बोलींना, ज्या जातसमूहांच्या गाण्यांना कधी लेबल मिळाले नव्हते ती बाजारात आली. मॅन्युएल यांचे साहित्य मुख्यतः हिंदी पट्ट्यातले आहे. महाराष्ट्रात त्यांचे म्हणणे पडताळायचे तर भीमगीतांकडे जावे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटने वस्तीवस्तीत नेले. 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात किंवा दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग असत आणि माणसे पुस्तक घ्यावे तशी कॅसेट घेत. भीमगीतातही कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. वामनदादा कर्डक गेले तरी त्यांचे नाव गाणाऱ्याच्या तोंडी राहते. इनले कार्डावर गीतकाराचे नाव छापायला जागा उरली नाही किंवा कोणी ते मुद्दाम गाळले, तरी गाणे स्वतःच साक्ष देते. लिखित श्रेयनामावलीत ज्यांना सहज जागा मिळत नाही त्यांच्यासाठी नाममुद्रा हा काव्यसंकेत तर आहेच, पण मालकीचा पुरावाही आहे. आपल्या साहित्यसमीक्षेने मुद्रेचा विचार भक्तीच्या अंगाने भरपूर केला, या दुसऱ्या अंगाने फारसा केला नाही.

कॅसेटचा कागद लबाडीसाठीही वापरला गेला. प्रताधिकार कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन गाजलेली गाणी दुसऱ्या आवाजात मुद्रित होत, आणि मूळ गायकाचे नाव वा चेहरा ठळक आणि प्रत्यक्ष गाणाऱ्याचे नाव मुंगीएवढे, असे इनले छापले जाई. घरी येऊन कॅसेट लावल्यावर फसगत कळे. दुसऱ्या टोकाला पुण्याचे अलूरकर होते. त्यांच्या कॅसेटी घेणारा माणूस कोणत्या बुवांचा कोणता राग हे आधी ठरवून जाई. आणि या दोहोंच्या मध्ये होती कोरी कॅसेट. मैफलीची, रेडिओची, मित्राकडच्या एलपीची नक्कल करून घ्यायची आणि कार्डावर स्वतःच्या अक्षरात लिहायचे: राग, तारीख, गाव. अशी हजारो कार्डे लिहिणारे लोक हे माझ्या मते आपले सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित संगीतसूचीकार आहेत. या नकलांनी कंपन्यांचे नुकसान केले असेल, पण ज्या मैफली कोणीच विकत नव्हते त्या त्यांनीच वाचवल्या.

सीडीविषयी फार बोलण्यासारखे नाही. तिच्यातली पुस्तिका चांगली असे, अक्षर मात्र भिंगातून वाचायचे. तिच्यानंतर आली शंभर-दीडशे गाण्यांची एमपी3 सीडी आणि तिच्यामागून मोबाइलच्या दुकानात भरून मिळणारे मेमरी कार्ड. भारतात गाणे डिजिटल झाले ते कोट्यवधी लोकांसाठी या काउंटरवर झाले. गिऱ्हाईक विचारी ‘किती जीबी?’ आणि दुकानदार विचारी ‘जुनी की नवीन? मराठी की हिंदी?’ गाणी वजनावर विकली जाऊ लागली. फायलीच्या नावात ‘ट्रॅक 01’ असे आणि गायकाच्या रकान्यात ज्या संकेतस्थळावरून ती चोरली त्याचे नाव. लता मंगेशकरांच्या गाण्यावर एखाद्या अनोळखी साइटची नाममुद्रा! हसू येते खरे, पण मुद्रेचे काम काय असते याची अचूक समज त्या चोराला होती.

कायदेशीर डाउनलोडची पायरी आपण जवळजवळ ओलांडूनच गेलो. अमेरिकेत आयट्यून्सचे दुकान 2003 साली 99 सेंटला एक गाणे या भावाने उघडले. भारतात ते 2012च्या डिसेंबरात आले. त्याच वर्षी फ्लिपकार्टने ‘फ्लाइट’ हे गाण्यांचे दुकान काढले आणि 2013त गुंडाळले. त्याच्या आधीच्या दशकात आपल्या लोकांनी मोबाइलवर ज्यासाठी खरोखर पैसे मोजले ती वस्तू होती कॉलर ट्यून. स्वतःला ऐकू न येणारे, फोन करणाऱ्याला ऐकवायचे तीस-चाळीस सेकंदांचे गाणे. दाराबाहेर काढलेल्या रांगोळीसारखे ते होते, आणि त्याचे भाडे महिन्याला कापले जाई.

आज बहुतेक लोक गाणे विकत घेत नाहीत. ते ऐकण्याची परवानगी घेतात, तीही पुष्कळदा जाहिराती ऐकून फुकट. 2019 साली स्पॉटिफाय भारतात आले, गाना आणि सावन आधीपासून होतेच. एअरटेलचे विंक 2024त बंद झाले तेव्हा त्यात जमवलेल्या याद्यांचे काय, हा प्रश्न ऐकणाऱ्यांना पडला. मालकी नसली की वारसाही नसतो. मला त्याहून जास्त अस्वस्थ करतो तो रकाना. या व्यवस्थेत प्रत्येक ध्वनी हा ‘साँग’ असतो, त्याचा एक ‘आर्टिस्ट’ असतो, एक ‘आल्बम’ असतो. अमीर खाँसाहेबांचा मारवा हेही ‘साँग’. राग नावाचा रकानाच नाही, म्हणून तो शीर्षकात कोंबायचा, कधी यमन, कधी इमन, कधी दोन्ही नाही. साथीदार बहुधा नसतातच. लोकगीत असेल तर गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होता येते, मग शेवटच्या कडव्यात कवीचे नाव ढळढळीत ऐकू येत असले तरी. यंत्राला मुद्रा वाचता येत नाही आणि रकाना भरणाऱ्या माणसाला गाणे शेवटपर्यंत ऐकण्याची गरज वाटत नाही.

यात अर्थकारणही आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक वेळ ऐकल्याची नोंद होते. म्हणजे चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल आणि तीन मिनिटांचे गाणे यांची किंमत सारखीच. एलपीने ख्यालाची जी सुटका केली होती ती इथे उलट फिरली; तबकडीची तीन मिनिटे यंत्राच्या मर्यादेमुळे होती, आताची हिशेबामुळे आहेत. शिवाय 2024पासून वर्षभरात एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला तिथे मानधनच मिळत नाही. एखाद्या तालुक्यातल्या शाहिराचे किंवा अप्रचलित राग गाणाऱ्या गवयाचे गाणे त्या यादीत असते आणि नसतेही. कॅसेटच्या काळात दोनशे प्रती विकल्या तर दोनशे प्रतींचे पैसे तरी येत.

वस्तू म्हणून गाणे घेण्याची ओढ मेलेली नाही. अमेरिकेत 2022 साली विनाइल तबकड्यांनी खपाच्या संख्येत सीडीला मागे टाकले. आपल्याकडेही नव्या तबकड्या निघतात. त्यांची किंमत पाहता त्या ऐकण्यापेक्षा भिंतीसाठी अधिक घेतल्या जात असाव्यात. याहून बोलका पुरावा सारेगामाच्या ‘कारवाँ’चा आहे. 2017 साली जुन्या रेडिओच्या रूपात आलेला, पाच हजार गाणी आधीच भरलेला तो खोका मुलांनी आईवडिलांसाठी घेतला. त्यात गाणे निवडून घेण्याचे सुख नाही, पण नेट गेले म्हणून ते हातातून जात नाही.

नावे परत जोडण्याचे काम आता गिऱ्हाइकांनीच अंगावर घेतले आहे. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून तबकड्यांचे क्रमांक, लेबले, गायकांची माहिती छापली. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाने उत्तर हिंदुस्थानी संगीताचा डिजिटल संग्रह उभारला. आणि कितीतरी संग्राहक यूट्यूबवर आपल्या जुन्या तबकड्या चढवतात. तिथे चित्र म्हणून दाखवायला काही नसते, म्हणून ते लेबलाचे छायाचित्र लावून ठेवतात. तीन मिनिटे पडद्यावर काहीच हलत नाही. लाल कागदाचा एक गोल, कंपनीचे चिन्ह, ‘भैरवी’ किंवा ‘नाट्यगीत’, गाणारीचे नाव, तबकडीचा क्रमांक आणि कोपऱ्यात निळ्या शाईने, वळणदार मोडीत किंवा बंगालीत, कधीकाळी ती विकत घेणाऱ्याची सही.